बोट लावून पाहा

आप्पांच्या दुकानातून मोटारसायकल बाहेर काढायची तर आधी बोट काळं करावं लागे. चेनचं काम झालं की ते मागचं चाक हाताने फिरवत, जोड वर आला की थांबवत आणि गिऱ्हाइकाला जवळ बोलवत. चेनच्या जोडावर नखाएवढी एक पोलादी पत्ती असते, तिलाच लॉक म्हणतात. तिच्यावरच सगळा जोड टिकून असतो. गिऱ्हाइकाने वाकून त्या पत्तीला बोट लावायचं, मोठ्याने "पाहिलं" म्हणायचं, आणि मगच आप्पा चावी द्यायचे. सरपंच असो की दूधवाला, यातून कुणाची सुटका नव्हती. बोट काळं झालेलं दिसलं की ते पुसायला चिंधी पुढे करीत.

त्यांचं नाव महालिंग. पिंगळीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर कडुनिंबाच्या अलीकडे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. अंगाने काटकुळे, सकाळी कपाळावर भस्माचे तीन पट्टे, दुपारपर्यंत त्यात ग्रीसचा चौथा. काही अवघड काम निघालं की शर्टावरून गळ्यातलं लिंग एकदा चाचपायचे आणि मग पान्याला हात घालायचे. मी तिथल्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, त्यामुळे मला ते 'बाई' म्हणत.

मिस्त्री म्हटला की तो गाडीवर एका हाताने बसणारा, दुसऱ्या हाताने फोनवर बोलणारा. आप्पा मात्र गाडीला भ्यायचे. दुरुस्त केलेली गाडी तपासायला ते फक्त कडुनिंबापर्यंत जात, तेही दोन्ही पाय जमिनीजवळ ठेवून. गिऱ्हाईक निघालं की दारात उभे राहत आणि गाडीचा आवाज ऐकू यायचा थांबेपर्यंत आत येत नसत. पोरंसोरं त्यांची नक्कल करायची. लोकांनी त्यांच्या भित्रेपणाला कारणंही शोधून ठेवली होती. कुणी म्हणे त्यांचा भाऊ गेला अपघातात, कुणी म्हणे उस्ताद गेला. मी एकदा सरळ विचारलं.

"कायबी झालेलं न्हाई, बाई," ते म्हणाले. "न्हाई झालं म्हणूनच तर भ्या वाटतंय. होऊन गेल्याला काय भ्यायचं?"

मला तेव्हा हसू आलं होतं. भीतीचा असा साठा करून ठेवणारा माणूस मी पाहिला नव्हता.

आमचा त्यांच्याशी संबंध आला तो कोळपणीमुळे, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढण्याच्या कामामुळे. आमची चार एकर सोयाबीन. बैल विकल्यापासून माझा नवरा सुधाकर मोटारसायकलच्या मागे कोळपं बांधूनच कोळपणी करायचा. आमच्या भागात बरेच जण करतात. त्यासाठी गाडी माणसाच्या चालीने चालली पाहिजे आणि तरी तिने मातीतून कोळपं ओढलं पाहिजे. म्हणून मागच्या चाकाची दातेरी चक्री काढून तिथे ताटाएवढी मोठी चक्री बसवायची. मोठ्या चक्रीला मूळ चेन पुरत नाही, मग चेनला एक तुकडा जोडायचा. कोळपणी संपली की तुकडा काढायचा, लहान चक्री परत चढवायची. दर पावसाळ्यात आमच्या गाडीची ही दोन बाळंतपणं आप्पांकडे व्हायची.

सुधाकर एकदा म्हणाला, की आप्पा, अशी एखादी चक्री बसवा की शेतातही चालेल आणि रस्त्यावरही पळेल. आप्पांनी पाना खाली ठेवला. "ताकद घेतली की पळ जातो. पळ घेतला की ताकद जाती. दोन्ही मागायलाय त्याचं काम मी करत न्हाई," असं म्हणून ते खरंच पाणी प्यायला उठून गेले.

एका वर्षी कोळपणी उरकली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या मुलीचं, प्रज्ञाचं, नर्सिंगच्या प्रवेशाचं काम निघालं. परभणीला दुपारी दोनच्या आत कागदपत्रं तपासून घ्यायची होती, नाहीतर जागा जाणार होती. गाडी सकाळीच आप्पांकडे टाकली. सुधाकर आणि प्रज्ञा झेरॉक्स काढायला गेले आणि मी मधल्या सुट्टीत हातावरचा खडू न धुताच दुकानात येऊन उभी राहिले.

आप्पांच्या दुकानात जोड बसवताना कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. रेडिओसुद्धा ते बंद करायचे. नेमकी त्याच वेळी मी फोनवर प्रज्ञाला विचारत होते, रहिवासाचा दाखला घेतला का, मूळ प्रत कुठे आहे, पिशवीत पाहा, दुसऱ्या कप्प्यात पाहा. मध्येच आप्पांना म्हटलं, आप्पा, आटपा लवकर, चेनकव्हर राहू द्या, उद्या बसवू. त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

मग ते म्हणाले, "बाई, बोट लावा."

फोन कानालाच होता. मी चेनच्या दिशेने जरा वाकल्यासारखं केलं, "पाहिलं, पाहिलं" म्हटलं आणि खुंटीवरची चिंधी घेऊन स्वच्छ बोट पुसलं. शाळेत एखाद्या मुलाने गृहपाठ न करता 'केला' म्हटलं, तर मी त्याला वर्गाबाहेर उभं करते. आप्पांची माझ्याकडे पाठ होती, ते पाने गोळा करत होते. तेवढ्यात बापलेक आले, गाडीवर बसले आणि गेलेसुद्धा. आप्पा नेहमीप्रमाणे दारात उभे राहिले, आवाज विरल्यावर आत आले आणि पसारा आवरायला बसले.

मी शाळेकडे वळणार तर त्यांनी मागून हाक मारली.

त्यांच्या तळहातावर एक पत्ती होती. चेनच्या काढलेल्या तुकड्याबरोबर एक पत्ती उरतेच, ती त्यांनी तुकड्याला तारेने बांधून भिंतीवर टांगलेली मला दिसत होती. ही दुसरी होती, रॉकेलच्या ताटलीत सापडलेली.

"बाई, बोट दाखवा," ते म्हणाले.

मी हात पुढे केला. बोटाच्या टोकावर पांढराशुभ्र खडू होता.

जोडाची वरची पट्टी पत्तीशिवाय काही वेळ टिकते, मग हळूहळू सरकत बाहेर येते. ती पडली की चेन सुटते आणि मागच्या चाकात अडकली तर चाक जागच्या जागी आवळलं जातं. हे आप्पांनीच मला कधीतरी समजावलं होतं. त्या रस्त्याने वाळूचे टिप्पर धावतात. मी सुधाकरला फोन लावला. रिंग जात होती, कुणी उचलत नव्हतं. प्रज्ञाला लावला. तिचा फोन कागदांच्या पिशवीत असणार, तिला तो तिथे ठेवायला मीच सांगितलं होतं.

दुकानात दुसरी एकच गाडी होती, एका शेतकऱ्याची, आणि सकाळीच तिला आप्पांनी कोळप्याची मोठी चक्री चढवली होती. त्यांनी ती रस्त्यावर काढली आणि मला मागे बसायची खूण केली. कडुनिंबाच्या पुढे गाडी घेऊन गेलेले आप्पा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मूठ त्यांनी पार पिळली होती. इंजिन असं किंचाळत होतं की शेतातली माणसं उभी राहून बघू लागली, पण गाडी काही पळेना. एक सायकलवाला तेवढा मागे पडला. आप्पांची पाठ थरथरत होती आणि ती इंजिनाची थरथर नव्हती. ते सारखं "शिवा, शिवा" म्हणत होते आणि मध्येच स्वतःशीच म्हणाले, "ताकद लय हाय, पळच न्हाई." समोर रस्त्यावर काळं काही दिसलं की मी आप्पांचा शर्ट घट्ट धरायची. एकदा ते फाटकं पोतं निघालं, एकदा खडीचा ढीग. एका वळणावर दोन-चार माणसं जमलेली दिसली तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. आप्पा ओरडले की बाई, माणसं बशीची वाट बगायलेत, डोळे उघडा, रस्त्यावर चेन पडलीय का ते बगा. मी बघत राहिले. उन्हात चकाकणारा प्रत्येक पत्र्याचा तुकडा मला चेनचा वाटत होता.

पुढे रेल्वेचं फाटक होतं. पॅसेंजरची वेळ झालीय, फाटक पडलेलं असलं तर सापडतील, एवढीच आप्पांची आशा होती. आम्ही दिसण्याच्या अंतरावर आलो तेव्हा पॅसेंजरचे शेवटचे डबे जात होते. फाटक उचलायला लागलं. थांबलेल्या गाड्या एकेक करून चालू होऊ लागल्या आणि त्यांच्यात मला प्रज्ञाची पिवळी ओढणी दिसली. मी आप्पांना ती बोटाने दाखवली.

आप्पांनी गाडी स्टँडवरही लावली नाही. ती तशीच आडवी टाकून, मला पडता पडता सावरून ते धावले. सुधाकरने गिअर टाकायच्या आत त्यांनी रस्त्यावर बसून मागच्या चाकाला दोन्ही हातांनी मिठी मारली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. सुधाकर खेकसला, आप्पा, काय चाललंय हे. आप्पांनी चाक सोडलं नाही. इंजिन बंद झाल्यावरच त्यांनी ते हळूच फिरवलं. जोड वर आला. पट्टी दोन्ही खिळ्यांच्या अगदी टोकावर आली होती. आप्पांनी नुसता अंगठा लावला तर ती हलली.

त्यांनी ती दाबून बसवली, मुठीतली पत्ती चढवली, पकडीने टिक् केली. मग त्या गर्दीत, सगळ्यांसमोर, मला म्हणाले, "बोट लावा, बाई. पाहिलं म्हणा." मी खाली बसून बोट लावलं. खडूवर ग्रीस चढलं. 'पाहिलं' म्हणताना मला रडू फुटलं.

सुधाकरने विचारलं, झालं तरी काय. मी तोंड उघडलं होतं. आप्पा माझ्याआधी बोलले.

"लॉक बसवायचं राहिलं माझ्याकडून. इसरलो मी."

एवढं म्हणून त्यांनी खिशातली चिंधी काढून माझ्या हातात दिली. मी बोट पुसत बसले आणि तोंड मिटून घेतलं. सुधाकर त्यांना जे बोलला ते इथे लिहीत नाही. तिथे उभ्या असलेल्यांत पिंगळीची चार माणसं होती आणि त्यांनी ते सगळं ऐकलं.

प्रज्ञाला प्रवेश मिळाला. आज ती परभणीत एका दवाखान्यात नोकरी करते. आप्पांचं दुकान मात्र त्या दिवसापासून रिकामं होत गेलं. म्हातारा आता विसरायलाय, पोराबाळांच्या जिवाशी खेळ नको, असं लोक म्हणू लागले आणि मोठ्या रस्त्यावरच्या नव्या दुकानात जाऊ लागले. ज्या माणसाने जन्मभर इतरांच्या वाट्याची भीती स्वतः भोगली, त्यालाच लोक भ्यायला लागले. मी रोज त्या दुकानावरून शाळेत जात होते. रोज ठरवायची की आज सुधाकरला सांगू, स्टाफरूममध्ये सांगू. पण लेकीच्या जिवाच्या बाबतीत खोटं बोललेली आई म्हणून उभं राहायची मला भीती वाटे. माझी भीती आणि आप्पांची भीती यांत हाच फरक होता. त्यांची दुसऱ्यांसाठी असायची.

आप्पांनी मात्र एका शब्दाने कधी सुचवलं नाही. मी दिसले की विचारायचे, पोरगी कशी हाय. दोन वर्षांनी दुकान बंद झालं. त्यांचे पाय सुजले होते, बाजेवरून उठवत नाही असं कळलं, तेव्हा कुठे माझा धीर झाला. त्यांच्याकडे जाताना वाटेतच, गाडीवर मागे बसून, मी सुधाकरला सगळं सांगितलं. त्याने गाडी बाजूला घेतली. मग म्हणाला, "त्यांना मी काय काय बोललो गं." दारापर्यंत आला, पण लगेच आत यायला त्याला जड गेलं. तो अंगणातच गाडीपाशी थांबला.

मी आप्पांच्या पायाशी बसून म्हटलं की यांना सांगितलंय, आता गावालाही सांगणार आहे, त्या दिवशी मी बोट लावलं नव्हतं. त्यांनी हात हलवून मला थांबवलं. त्यांचा आवाज खोल गेला होता.

"बसवायचं काम माझंच होतं, बाई. तुमचं बोट म्हंजे माझा धीर. एकट्याच्यानं एवढं भ्या झेपत न्हाई, म्हणून दुसऱ्याचं बोट मागायचो मी."

त्यांनी डोळे मिटले. बाहेर सुधाकर खोकला तसे त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, कशावर आलात. गाडीवर, मी म्हटलं. कोळपणी झाली का, चक्री बदलली का, कुणाकडून बदलली, सगळं विचारून घेतलं.

"पत्ती पाहिली का?"

"पाहिली," मी सवयीने म्हणून गेले.

ते माझ्याकडे बघत राहिले. "बोट लावून?"

मी उठले. अंगणात जाऊन सुधाकरला गाडी मोठ्या स्टँडवर घ्यायला लावली. चेनकव्हर त्या फाटकाच्या दिवसानंतर आम्ही कधी बसवलंच नव्हतं. सुधाकरने चाक फिरवलं, जोड वर आल्यावर थांबवलं. मी वाकून पत्तीला बोट लावलं, मग न सांगता त्यानेही लावलं. दोघंही तसेच आत गेलो आणि आपापलं काळं बोट आप्पांच्या समोर धरलं.

आप्पांनी दोन्ही बोटं नीट पाहिली. मग उशाखाली हात घालून चाचपत चाचपत एक चिंधी काढली आणि आमच्यापुढे केली.