झोल शोधायला सोलापूरला

सॉफ्टवेअर तपासणं हे माझं काम आणि बोलीतले शब्द कुठून आले ते या ब्लॉगवर नोंदवणं हा छंद. ऑफिसात दिवसातून दहा वेळा मी 'यात झोल आहे' म्हणते, म्हणून दोन महिने त्या शब्दासाठी कोश चाळत होते. शेजारी बसणारी श्रुती एकदा सहज म्हणाली, "आमच्या आत्याच्या कापडाच्या मागावर रोज असतो की झोल. चल सोलापूरला." इतके दिवस ती गप्प बसली याचा राग आला. त्याहून जास्त राग, तिला तो शब्द शोधावाच लागला नाही याचा.

शनिवारी पुण्याहून सकाळची रेल्वे धरली, चारेक तासांत सोलापूर. स्टेशनाबाहेर रिक्षा सहज मिळते; पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, जायचंय एवढं सांगा. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका. मागांच्या कारखान्यात पंखा फारसा लावत नाहीत, सुताचा भुगा उडतो.

आत्यांनी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही वाढलं. श्रुतीशी त्या तेलुगूत बोलत, माझ्याशी मराठीत. जेवण झाल्यावर घरामागच्या कारखान्यात नेलं. टॉवेलचा माग थांबवून त्यांनी ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, तळहात फिरवला. बघत दुसरीकडेच होत्या. काही धागे सैल पडले की कापड तिथे फुगतं, तोच झोल.

"घडीत दिसत न्हाय. गिऱ्हाईक घरी नेऊन उघडतंय, मग कळतंय," आत्या म्हणाल्या.

घडीत लपवून खपवलेला दोष. आपला आजचा अर्थ यापासून फार लांब नाही. याला मी पुरावा म्हणणार नाही, पण शक्यता भक्कम आहे.

मग श्रुतीने हात फिरवला आणि दोन सैल धागे लगेच दाखवले. माझ्या तळहाताला काहीच कळेना. मी एकेक धागा नखाने दाबून तपासू लागले. सातवा तुटला.

"असू द्या, तुमी पाव्हण्या," आत्या शांतपणे म्हणाल्या. गाठ श्रुतीने मारली. ती सैल निघाली, तेव्हा आत्यांनी तिच्या हातावर चापट मारली, तेलुगूत चांगलंच झापलं आणि गाठ पुन्हा मारायला लावली.

"सुटलीस तू," श्रुती हसत मला म्हणाली.

पुण्यात परतून नोंद लिहिली. आत्यांना श्रेय लगेच दिलं. श्रुतीचं नाव घालायला आणखी दोन दिवस लागले. नोंद अचूक आहे. तरी पाहुणी म्हणून सुटण्यापेक्षा ती चापट माझ्या हातावर बसायला हवी होती, असं अजून वाटतं.