काकाला वाचून दाखवलेला खोटा शेवट

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. होड्या माडाखाली झाकलेल्या असतात आणि आमचा काका घरामागच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपटात बसून फाटकी जाळी शिवत असतो. दोन्ही हात दोऱ्यात, मोबाईल धरायची सोय नाही. म्हणून तो मला समोर बसवून कादंबऱ्या वाचून घेतो. मी नकलांसाठी गावभर बदनाम. नायिकेला आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंचा आवाज देतो, नायकाला एसटीच्या कंडक्टरचा आणि खडूस शेटजीला काकाचाच.

"हो शेट कोणासारखो बोलता रे?" काका विचारायचा. "खंयतरी ऐकलेलो वाटता."

त्या वर्षी वाचनालयातून एक जुनी परदेशी कादंबरी आणली, मराठीत केलेली. गरीब कारकून, शेजारची मुलगी. आधी पैसा मिळवतो, मग मागणी घालतो, असं म्हणून हा जहाजात बसतो. तिला साधं एक पत्रही टाकत नाही. या जुन्या कादंबऱ्यांतल्या नायकांना श्रीमंत व्हायला वेळ मिळतो, पोस्टात जायला मिळत नाही.

काका सुई थांबवून म्हणाला, "माणूस शाणो आसा."

शाणो वाटणारच. तारकर्लीला एक बाई आहे, घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देते, त्यांना जेवण करून घालते. भावाला शिकवता शिकवता तिचं लग्न राहिलं. काका दहा वर्षं तिच्याकडे मासळी पोचवतो आणि मासळी उतरवून झाल्यावर तासभर गजाली मारतो. पण लग्नाचं विचारलं नाही. का, तर "आदी मोठी बोट, मगे लगीन." आता तोच भाऊ तिला कायमची मुंबईला बोलावत होता. चतुर्थी झाली की खोल्या बंद करून ती जाणार होती.

शेवटचं प्रकरण मी आधीच वाचून ठेवलं. सात वर्षांनी नायक घोडागाडीतून येतो. ती दार उघडते, कडेवर मूल. ओळखतच नाही त्याला. विचारते, काय विकायला आलात?

हे काकाला कसं वाचून दाखवणार? मी पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि तोंडाला येईल ते सांगितलं. ती थांबलेली असते, दारात रांगोळी घातलेली असते. तिकडे रांगोळी कुठली, पण काकाने चालवून घेतलं. इंग्रजीच्या बाईंच्या आवाजात मी "आलात?" म्हटलं, तर काकाने डोळे पुसले. वर म्हणाला, दोऱ्याची धूळ गेली.

मग खूश होऊन म्हणाला, "बघ, थांबला मा तां चेडू? जावंदे आता हिका मुंबयक. बोट झाली काय परत हाडतलंय."

म्हणजे माझ्या खोट्या शेवटावर विसंबून काका तिला खुशाल जाऊ देणार होता; बोट झाली की परत आणीन म्हणे. दोन दिवस मांगराकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी जाऊन खरं पान काढलं आणि कुठलाही आवाज न काढता साधं वाचलं.

"मगे त्या दिवशी काय वाचलंस?"

"माझ्या मनाचं."

"मेल्या." मग शिवलेलंच भोक तो परत शिवत बसला. शिवता शिवता म्हणाला, "सात वर्सा म्हणतस? माका दहा झाली." आणि उठला. "गाडी काढ."

तारकर्लीला पोचलो, तर ती पडवीत अळू चिरत होती. आम्ही दोघं भिजून उभे.

"मासळी खंय?" तिने विचारलं.

"बंदी आसा," काका म्हणाला, आणि माझ्या कानाशी येऊन, "तू सांग रे. माज्या आवाजात."

मी घसा साफ केला. तिने विळीवरून मान वर केली. "तू गप. हेका तोंड आसा."

काका पायाकडे बघत म्हणाला, "मुंबयक जाव नको."

"कित्याक?"

"बोट झाली नाय अजून. झाली काय तुका इचारूचा होता."

"तुज्या बोटीत माका बसूचा आसा काय?" तिचा हात थांबला होता. "दहा वर्सा माका वाटला, तुका फकस्त मासळी खपवची आसा."

तिने पदराला हात पुसले आणि आमच्यासमोरच भावाला फोन लावला. "मी येवचंय नाय. नाय रे, तब्येत बरी आसा. मासळीवालो इलोहा, तेचा काम आसा."

काका पडवीचा खांब धरून उभा होता. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून मला म्हणाला, "हय नेटवर्क बरा आसा."