वरची भाकरी

पंचायतीत पहिल्यांदा निवडून आले तेव्हा माझ्याकडं नवी पर्स होती, नवा चष्मा होता. अक्कल तेवढी यायची होती.

आमचं गाव कर्नाटकात, सीमेलगत, भालकीच्या अलीकडं. शुक्रवारच्या बाजारात माझ्या सासूबाई ज्वारीची कडक भाकरी विकत. कागदासारखी पातळ, वर तीळ, महिनाभर टिकणारी. येळवसीला सगळं गाव रानात जेवायला निघतं, त्यामुळं त्याआधी भाकरीचा दर चढायचाच. ही लूट आहे असं माझ्या मनानं घेतलं. आमच्या घरचीच लूट, म्हणून तर जास्त चेव आला. ठराव केला आणि बाजाराच्या तोंडाशी फळा लावला: भाकरीला एकच दर, जाड असो की पातळ; कमीजास्त घेतलं तर दंड. खडूनं लिहिलंही मीच, मराठीत आणि खाली कन्नडात. कुणी वाचायचं चुकायला नको!

आमच्याकडं पाच भाकऱ्या घेतल्या की एक ‘वरची’ मिळते. ती मोजायची नसते. वेशीजवळच्या एका म्हातारीला तर सासूबाई अर्ध्या दरात देत, वर दोन. त्या शुक्रवारी मी फळ्याशीच उभी होते. म्हातारी टोपली घेऊन सासूबाईंपुढं आली.

“अक्का, वरची?”

“फळा बघ. त्या दरात वरची बसत न्हाई. कमी बी घेता येत न्हाई, सूनबाई दंड लावंल.”

म्हातारी माझ्याकडं वळली. “व्हय गं मेंबरीण, गरिबासाठीच केलीस म्हणं?”

पुढच्या शुक्रवारी बाजारात तळहाताएवढ्या भाकऱ्या आल्या. पातळ थापणाऱ्या बायका टोपल्या घेऊन उदगीरच्या बसमध्ये चढल्या. सासूबाई कुठंच गेल्या नाहीत. त्यांनी तवा भिंतीला टेकवून ठेवला.

“आत्या, चूल कामून बंद ठेवलाव?” मी सासूबाईंना विचारलं.

“हात भाजायचे माझे, किंमत सांगायची तू. मग तूच थाप की.”

येळवसीला माझे भाऊ लातूरहून येणार होते. थापली मी. पहिली परातीतच फाटली. दुसरी मांजरानं हुंगून सोडली.

पण टोचत होतं ते वेगळंच. थापण्याचा आवाज बंद झाला आणि सासूबाई एकदम थकलेल्या दिसायला लागल्या. बाजारातली त्यांची जागा, गिऱ्हाईकाशी भांडण, “नको तर ठेव खाली” म्हणायचा तोरा, सगळं मी एका फळ्यानं काढून घेतलं होतं.

पदर ओला केला आणि भर दुपारी जाऊन फळा पुसला. ठराव पुढच्या बैठकीत मोडीत काढला. अजूनही कुठल्या सरकारनं कशाचा दर बांधला असं ऐकलं, की माझा हात आपोआप पदराकडं जातो.

बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. तवा चुलीवर होता.

“वीस पाहिजेत, आत्या. दर काय?”

सासूबाईंनी तीळ दाबता दाबता वर बघितलं. “तुला? सगळ्यात महाग.”

वीस मोजून झाल्या. मग त्यांनी माझ्या टोपलीत वरून एक टाकली, कडेला मोडलेली, पण तिळानं भरलेली.