शेवटचं पान आधी वाचणारे आबाजी

माझे आजोबा, म्हणजे आबाजी, कोणतंही पुस्तक घेतलं की आधी शेवटचं पान वाचतात. "या वयात काय भरोसा? शेवट माहीत असलेला बरा," म्हणतात. माझं डोकंच फिरतं!

परवा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाचायला सध्या मनाई आहे. म्हणून आज सदरमधल्या पुस्तकांच्या दुकानातून एक जाडजूड कादंबरी घेतली, त्यांच्याकडे गेले आणि मुकाट्याने शेवटचं पान उघडलं.

"शेवट काहून वं?" आबाजी म्हणाले. "पहिल्या पानापासून वाच. मले काही घाई नाही. तू उद्या येशील न?"

मंडळी, तुमच्या घरी कोणाला वाचून दाखवायचं राहिलंय का?

आमची कादंबरी चारशे पानांची आहे. आज मी मुद्दाम सहाच पानं वाचली.