शकुबाईचा न हलणारा काटा

भामरागडच्या घाटावर बोटीचं इंजन शकुबाई रामटेके सांभाळते, हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगतो. त्यांचा विश्वास बसत नाही आणि मला राग येतो. वीस वर्षं या बाईनं तालुक्यातले हातपंप दुरुस्त केले. बोट आली तेव्हा इंजनाला हात लावायला कोणी पुढे येईना, मग तिलाच बोलावलं. मी नदीपलीकडच्या गावातला शाळामास्तर. पावसाळ्यात माझा जीव रोज दोनदा तिच्या हाती असतो, आणि तिथं तो सुखरूप असतो.

यंदा ऑगस्टात इंजनाचा तापमानाचा मीटर बंद पडला. इंजन तापलं की त्याचा काटा चढतो, लाल रेघेपर्यंत पोचला की इंजन बंद करायचं. काटाच मेला तर भर पुरात इंजन जाम होईपर्यंत काही कळायचं नाही. जिल्ह्याहून नवे इंजिनियर, कुलदीप साहेब, तपासणीला येणार होते. मीटर चालू नसला तर बोट दुरुस्तीला चंद्रपूरला न्यायची, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. इथून गेलेली वस्तू दिवाळीआधी परत आल्याचं मला आठवत नाही. तोवर पलीकडच्या पाच गावांना डोंगा, नाहीतर देव.

शकुबाईनं चंद्रपूरहून नवा मीटर मागवला, आणि इंजनाच्या अंगात बसतो तो सेन्सरही. तपासणीच्या सकाळी तिनं दोन्ही बसवले. आमच्या नावाड्यानं, पोचूनं, इंजन सुरू केलं. वीस मिनिटं झाली तरी काटा तळाशीच. आणि नेमके तेव्हाच साहेब आले.

साहेब पोरसवदा, पण बोलणं पोक्त. हातपंप आणि बोटीचं इंजन यांत फरक असतो, असं ते हसत म्हणाले. मी लगेच चंद्रपूरच्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माल नकली आहे, असं माझं ठाम मत होतं. माझी मतं बहुधा ठामच असतात.

शकुबाईनं दोघांकडेही लक्ष दिलं नाही. तिनं आधी इंजनाजवळ हात नेला. चांगलंच तापलं होतं. म्हणजे काटा खोटं सांगत होता. इंजन बंद करून तिनं चावी चालू ठेवली, सेन्सरची वायर सोडवली आणि तिचं टोक इंजनाच्या उघड्या लोखंडाला टेकवलं. काटा सरळ वर, लाल रेघेपार. मीटर चांगला, वायरही चांगली.

"मग सेन्सर गेलेला आहे," साहेब म्हणाले, आणि बोट न्यायची व्यवस्था करायला त्यांनी फोन काढला.

"साहेब, जरासक थांबा. मले अजून एक पाहू द्या."

तिनं वायर पुन्हा सेन्सरला जोडली. मग वायरच्या दुसऱ्या एका तुकड्याचं एक टोक सेन्सरच्या अंगाला लावलं, दुसरं इंजनाच्या लोखंडाला. काटा उठला आणि ऐंशी अंशांवर थांबला. सेन्सरही जिवंत होता. त्याला फक्त इंजनाचं लोखंड लागत नव्हतं, म्हणून करंट पुरा फिरत नव्हता. का लागत नव्हतं, ते शकुबाईला त्याच क्षणी कळलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला.

इंजन निवल्यावर तिनं सेन्सर खोलला. आट्यांवर पांढऱ्या टेपचे चार वेढे होते. नळाचा, पंपाचा कुठलाही आटा दिसला की आधी टेप गुंडाळायची, पाणी गळायला नको, ही वीस वर्षांची सवय. सकाळी हात आपोआप चालला होता. त्या टेपनंच लोखंड लोखंडापासून तोडलं होतं.

आमच्याकडे तिची पाठ होती. टेप मुठीत दाबून नदीत टाकली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. मी तरी तेच केलं असतं, खोटं कशाला बोलू? तिनं टेप साहेबांच्या हातावर ठेवली.

"हे मीच लावली होती. दुकानदाराची काई चूक नाई."

मग तिनं आटे ब्रशनं घासले, जुन्या सेन्सरखालचा तांब्याचा वायसर पेटीतून काढला आणि तो घालून सेन्सर पान्यानं आवळला. पाणी गळत नव्हतं. पोचूनं इंजन सुरू केलं. आम्ही सगळे त्या वाटीएवढ्या मीटरवर वाकलो. काटा चाळीसवरून साठवर गेला, मग ऐंशीवर जाऊन टिकला. साहेबांनी अर्धा तास बोट नदीत फिरवली. काटा जागचा हलला नाही.

घाटावर येऊन साहेबांनी रजिस्टर उघडलं. बोट इथंच राहील, असं लिहिलं. 'बिघाडाचं कारण' या रकान्यापाशी मात्र त्यांचं पेन अडलं. आता हसू नव्हतं. तांत्रिक अडचण असं लिहून टाकतो, म्हणाले. बिचाऱ्यांना तिचं नाव वाचवायचं होतं.

"काऊन? खरं लिहा ना," शकुबाई म्हणाली. "मेकॅनिकची चूक. अन् त्याच्याच खाली लिहा, मेकॅनिकनंच शोधली."

साहेबांनी दोन्ही ओळी जशाच्या तशा लिहिल्या आणि सहीसाठी पेन तिच्यापुढे केलं. तिनं आधी ओढणीला हात पुसले, मग पूर्ण नाव लिहिलं, शकुंतला देवाजी रामटेके. माझी छाती अशी फुगली, जणू सही मीच केली होती.