आईचा आक्षेप

काल नातीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, 'मुलींचा खेळाचा तास बंद. आक्षेप असल्यास कळवा.' आणि मला एकदम मासळीचा वास आला!

ऐंशीच्या दशकातली, आमच्या अंधेरीच्या शाळेतली पालकसभा. प्रतिनिधी निवडायचा होता. आई मासळीबाजारातून थेट आली, रिकामी पाटी बाकाखाली सरकवून माझ्याशेजारी बसली. हेडमास्तरांनी एका शेठचं नाव वाचलं नि विचारलं, "कुणाचा आक्षेप?"

आईचा हात झटकन वर! बंदरावरच्या लिलावात हात वर केला की माल पसंत, तीच तिची सवय. सगळी सभा वळून बघायला लागली.

"बोला, काय म्हणणं आहे?"

आई उठली. "शेठ चालतील. पन शालेत पोरींना संडास नाय. माझी पोर दिसभर पानी पीत नाय. ते बांधतील काय?"

मागच्या बाकांवरून बायका ओरडल्या, "हीच पायजे!" टाळ्याच टाळ्या! आई निवडूनच आली.

घरी जाताना मी नाचत होते. तिनं हळूच विचारलं, "आक्षेप म्हंजे काय गो?"

तेव्हा मी पोट धरून हसले होते. काल मी ग्रुपवर लिहिलं, 'आहे.'