मोजणीदाराचा रुमाल

देवाने या जगात सरळ अशी एकच वस्तू निर्माण केली आणि ती म्हणजे आपण, बाकीची सगळी सृष्टी थोडीफार कललेली आहे, याबद्दल माझ्या मामांच्या मनात कधीही शंका नव्हती. ते मोजणी खात्यात सर्व्हेअर होते. तीस वर्षं खानदेशातल्या शेतांमधून लोखंडी साखळी ओढत हिंडले, लोकांचे बांध सरळ केले, आणि पेन्शनीत निघून धुळ्याला देवपुरात घर बांधून राहिले तेव्हा सरळ करायला फक्त घरची माणसं उरली. मामी दारात रांगोळी काढून आत वळल्या की मामा ओणवे होऊन उंबऱ्यापासून तिचं अंतर मोजत. ताटात भाकरी पडली की तिच्यावर सुतळीचा तुकडा आधी उभा, मग आडवा धरून बघत, आणि दोन मापांत फरक निघाला की "अंडाकृती" असा शेरा मारून मग खात. खात मात्र तीन. गल्लीतल्या एका म्हाताऱ्याच्या मयताला गेले तर सरणाची लाकडं काटकोनात नाहीत म्हणून त्यांनी ती उतरवून पुन्हा रचायला लावली. मयताचा थोरला मुलगा रडायचा थांबून त्यांच्याकडे बघतच राहिला. घरी आल्यावर मामा म्हणाले, "माझ्यामुळे त्याला धीर आला."

मामींना क्रोशाचं विणकाम फार सुरेख येत असे. टोकाला बारीक आकडा असलेली एक पोलादी सुई आणि पांढऱ्या दोऱ्याची गुंडी एवढ्या भांडवलावर त्या थाळीवर घालायचा जाळीचा रुमाल असा विणत की उन्हात धरला तर समोरच्या भिंतीवर फूल उमटे. सगळी गल्ली त्यांचे रुमाल मागून नेई. मामा ते उजेडात धरून बघत आणि परत देत. "जेवढा दोरा तेवढीच भोकं," ते म्हणत. "ह्याला मी विणकाम म्हणत नाही. भोकांना कुंपण घालणं म्हणतो." मामी काही बोलत नसत. त्यांच्या न बोलण्याला मामा संमती समजत, आणि माझ्या माहितीत इतर पुष्कळ नवरेही तसंच समजतात.

त्यांना इंदू नावाची एकच मुलगी. सातवी पास झालेली, वाचनाची भारी हौस, पण सुई दिसली की जांभया. तिला चाळीसगावकडचं एक स्थळ सांगून आलं. घर शेतीभातीचं, चांगलं खातंपितं. मध्यस्थ बाईंनी उत्साहाच्या भरात "पोरीच्या हातात कला आहे हो" असं सांगून टाकलं आणि मुलाच्या आईनं निरोप धाडला की बघायला येऊ तेव्हा मुलीच्या हातचा एखादा क्रोशाचा रुमाल दाखवा. असे रुमाल त्या काळी आया विणत आणि मुली दाखवत. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मामींनी नवी गुंडी आणली, आणि दुसऱ्याच दिवशी अंगणातल्या ओल्या फरशीवरून पाय घसरून उजव्या हातावर पडल्या. हाडवैद्यानं मनगटाला बांबूच्या कामट्या बांधल्या आणि दीड महिना हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. पाहुणे तीन आठवड्यांनी येणार होते.

मी दोन गल्ल्या पलीकडे राहत होते आणि मलाही क्रोशा येत होता. मी म्हटलं, "मामा, मी विणून देते."

"छट!" मामा म्हणाले. "परक्या हातचं काम मुलीचं म्हणून दाखवायचं? ही शुद्ध फसवणूक झाली."

"मग कोण विणणार?"

"मी विणतो. बाप आणि मुलगी एकच रक्त. कायद्यानं बघितलं तरी एकच कुटुंब."

मामींनी कामट्यांतला हात उराशी धरून सांगितलं, "अहो, आधी सहा साखळ्या घालायच्या."

"साखळी!" मामा हसले. "साखळी मला शिकवतेस? माझा जन्म साखळीत गेला." आणि त्यांनी सुई पेन्सिलीसारखी धरली. पहिली साखळी पडायला दुपार लागली. ती पडली तेव्हा त्यांच्या कपाळावर तीस वर्षांच्या नोकरीत आला नसेल एवढा घाम होता. मामी शेजारी पाटावर बसून सांगत होत्या: दोरा करंगळीवरून घ्या, इतका आवळू नका, सुई फिरवा, आता ओढा. मामांना कुणी "ओढा" म्हणून हुकूम दिल्याचं मी त्या दिवशी प्रथमच ऐकलं.

सहा साखळ्यांचं कडं करायचं, कड्यातून दोऱ्याचे उभे खांब काढायचे, मग फेरीमागून फेरी वाढवत जायचं, एवढंच ते काम. पण वाढवायचं हे मामांना पटेना. पहिल्या फेरीत बारा खांब तर शेवटपर्यंत बारा, असा त्यांचा हिशेबी बाणा. मामींनी दोनदा सांगितलं, मामांनी दोनदा ऐकलं नाही. पाचव्या फेरीला रुमालाच्या कडा वर उचलल्या, सातवीला त्याची वाटी झाली. भांडी घासायला येणारी सखूबाई हात पुसत पुढे आली आणि निरखून म्हणाली, "आबा, हाई टोपी कोनी शे?"

मामांनी टोपी उसवली. मग रागारागाने प्रत्येक खांबात तीन-तीन खांब घालून दुसरा रुमाल विणला, त्याची कोथिंबिरीची जुडी झाली. तीही उसवली. दोन दिवस ते पाटीवर वर्तुळं काढून आकडे मांडत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळीच मला बोलावणं आलं. मामा ओट्यावर उभे होते. "सापडलं!" ते म्हणाले. "त्रिज्या वाढली की परीघ वाढतो! दर फेरीला ठरावीक खांब वाढवलेच पाहिजेत! हे आजवर एकाही बाईच्या लक्षात आलं नाही!"

आतून मामींचा आवाज आला, "पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, अहो."

"तू नुसतं सांगितलंस," मामा म्हणाले, "मी सिद्ध केलं."

त्यानंतर मात्र रुमाल पुढे सरकू लागला. चुकलं की मामी नुसत्या बघून ओळखत आणि उसवायला लावत, आणि मामा कुरकुरत उसवत. गल्लीतले पेन्शनर मित्र आले की सुई बैठकीच्या तक्क्याखाली जाई. एकदा मामा तिच्यावरच बसले, आणि तशाही स्थितीत अर्धा तास लोकल बोर्डाच्या निवडणुकीवर मत देत राहिले. सोळा पाकळ्यांचा रुमाल पाहुण्यांच्या आधी चार दिवस पुरा झाला. हातातून निघाला तेव्हा तो मळकट, सुरकुतलेला, बसून बसून दमलेल्या माणसासारखा दिसत होता. विणकाम करणारीला ठाऊक असतं की खरं रूप त्याला पुढे येतं: धुवायचा, तांदळाच्या पातळ खळीत बुडवायचा आणि ओला असतानाच पाकळी न पाकळी ताणून, टोचून वाळवायचा.

इथे मामा आपल्या राज्यात आले. त्यांनी नकाशाचा पाट काढला, त्यावर कागद चिकटवला, कंपासने वर्तुळ काढलं, त्याचे सोळा भाग केले आणि ओला रुमाल त्यावर ठेवून प्रत्येक पाकळीच्या टोकाला टाचणी मारली. मामी म्हणाल्या, "लोखंडी टाचण्या नकोत, गंज उतरतो. बाभळीचे काटे घ्या."

"बाभळीचे काटे!" मामा म्हणाले. "सरकारी कामात?"

दुसऱ्या दिवशी सोळा पाकळ्यांवर सोळा तांबडे ठिपके होते. दुपारभर मामा उन्हात बसून लिंबू आणि मिठाने ते चोळत होते. नंतर पांझरा नदीकाठी जाऊन त्यांनी स्वतः काटे तोडून आणले, लांबीवार लावले आणि त्यांतले सोळा निवडले. रुमाल दुसऱ्यांदा वाळला तेव्हा, खरं सांगते, मी तो दोनदा उलटून बघितला. इतका नेमका गोल रुमाल मी मामींच्या हातचाही पाहिला नव्हता. मामींनी डाव्या हाताने त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आला." मामांनी तोंड फिरवून खाकरल्यासारखं केलं.

पाहुणे सकाळच्या गाडीने आले: मुलगा, त्याची आई आणि नऊवारीत ताठ बसलेली आजी. पोहे झाले, इंदूला नाव-गाव विचारून झालं, आणि मुलाच्या आईनं पानाच्या तबकाखालचा रुमाल उचलला. जाणत्या बायका बघतात तसा तिनं तो आधी उलटा करून बघितला. "छान आहे," ती म्हणाली. "मध्ये जरा ओढल्यासारखा झालाय, पण होईल. पोरीचा हात अजून बसला नाही."

मामींनी माझा हात धरला. मामा भिंतीशी बसले होते. त्यांचा चेहरा आधी पांढरा आणि मग तांबडा झाला. आणखी दोन मिनिटं ते गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं.

"ओढल्यासारखा?" मामा म्हणाले. "कुठे ओढलाय?"

"नाही, थोडासाच हो, मधल्या फेऱ्यांत..."

"थोडासाही नाही!" मामा उठले, कोनाड्यातली फूटपट्टी घेऊन आले आणि रुमाल तिच्या हातातून काढून घेतला. "मध्यापासून कुठेही मोजा. साडेपाच इंच. ह्या बाजूनं साडेपाच, ह्या बाजूनं साडेपाच. मधल्या फेऱ्या मी तीन वेळा उसवल्यात! तीन वेळा!"

आजीनं रुमालाकडे पाहिलं, मामांच्या हातांकडे पाहिलं. "हाई बापना हातनं काम शे!" ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून गदागदा हसू लागली. मग हसू थांबवून तिनं विचारलं, "पोरले काय येस मंग?"

इंदूनं मान वर केली. "मला वाचता येतं," ती म्हणाली. "शिकवताही येईल."

आठवड्याने मध्यस्थ बाई निरोप घेऊन आल्या. मुलीला घरकाम येत नाही आणि वडिलांना फार येतं, तेव्हा जमेलसं दिसत नाही. गल्लीत ही गोष्ट पसरायला एक दुपार पुरली. मामांना बघून बायका पदराआड हसत, आणि ज्यांच्या बांधावरून मामांनी एकेकाळी कडक शेरे मारले होते ती मंडळी वाट वाकडी करून "काय आबा, आज किती खांब?" असं विचारून जात. मामा चारचौघांत म्हणत की त्या बाईला मापच कळत नव्हतं. पण मला घरी पोचवायला आले असताना एका संध्याकाळी ते गल्लीच्या तोंडाशी थांबले. "आयुष्यभर लोकांच्या खुणा तपासल्या," ते म्हणाले. "कुणी दगड हातभर सरकवला तर सोडला नाही. आणि पोरीच्या नावावर खोटी खूण मीच रोवली." पुढच्याच महिन्यात ते स्वतः इंदूला घेऊन शिक्षिकांच्या ट्रेनिंगचा अर्ज भरायला गेले. अर्जावरची ओळ वाकडी आली म्हणून कारकुनाशी भांडलेही. इंदू रावेरच्या शाळेत लागली आणि तिथेच स्वतःच्या पसंतीनं एका मास्तरांशी लग्न करून राहिली.

मामींच्या कामट्या सुटल्या, पण मनगट वाकडंच बसलं. बोटं मिटत, सुई धरण्याइतकी मिटत नसत. गल्लीतून रुमालाची मागणी आली की त्या मामांकडे बघत आणि मामा चष्मा शोधू लागत. वर्षानुवर्षं मी त्यांना तसंच बघत आले: ओट्यावर मामा विणताहेत, शेजारी मामी गहू निवडताहेत, आणि दोघांची बारीकशी हुज्जत चालू आहे.

परवा पुष्कळ दिवसांनी गेले होते. मामा फार थकलेत. डाव्या डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, उजव्यात मोतीबिंदू आहे. खांब आता ते बघून नव्हे, बोटानं चाचपून मोजतात. फेरी पुरी झाली तसा त्यांनी रुमाल मामींच्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "बघ गं, बरोबर आलीय ना?"

मी वाकून पाहिलं. एक खांब सुटला होता, आणि तिथून रुमाल एका बाजूला चांगलाच कलला होता. मामींनीही तो पाहिला. त्यांनी वाकड्या हाताने रुमाल मांडीवर सारखा केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरोबर आहे. करा पुढची फेरी."